अडतीस मोहरक्या

पागेचा मुकादम त्या दिवशी दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एरवी तो सरळ आत शिरायचा, दोराच्या भेंडोळ्यावर बसकण मारायचा आणि चहाची वाट बघायचा. आज त्याच्या पायात नेहमीचे बूटही नव्हते. कुणाच्या तरी दोन मापं मोठ्या चपला घालून तो आला होता आणि चालताना त्या फटाफट वाजत होत्या.

"आत येत नाही, वहिनी," तो म्हणाला. "बूटसुद्धा पागेतच काढून आलोय. आजार शिरलाय घोड्यांना. परवा दोन गेले. डॉक्टरीणबाईंनी फाटकाला कुलूप घातलंय."

दोरवाली हातातलं काम ठेवून दाराशी आली. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तिचा नवरा दोरवाला होता आणि ती नुसती दोरवाल्याची बायको होती. तो गेल्यावर गल्लीने आपणहून तिला दोरवाली करून टाकलं. ही बढती तिने मागितली नव्हती.

"सोमवारी सगळ्यांचं रक्त काढायचंय," मुकादम सांगत होता. "अडतीस घोडे. एकाचं तोंडाला लावलेलं दुसऱ्याला लावायचं नाही म्हणतात बाई. चामड्याचं जे जे होतं ते काल एका ढिगात घालून पेटवलं. आता अडतीसच्या अडतीस घोडे उघड्या डोक्याने उभे आहेत. धरायचं कशाला? कानाला?"

"म्हणजे मोहरक्या हव्यात."

"सुती दोराच्या. काम झालं की जाळता आल्या पाहिजेत. बाजारात नायलॉनच्या मिळतात, पण त्या पंधरा दिवसांनी येणार. इथे सहा दिवसांत रक्त काढायचंय."

मोहरकी म्हणजे घोड्याच्या डोक्यावर बसणारं दोराचं बांधणं. लगामासारखं तोंडात लोखंड नसतं. नाकावरून एक वेढा, दोन्ही गालांवरून पदर, कानांमागून जाणारी शेव, म्हणजे दोराची मोकळी शेपटी, आणि हनुवटीखाली एक मोठी गाठ, जिच्यात धरून चालवायचा कासरा अडकतो. सगळं एकाच अखंड दोरातून. कुठे कापाकापी नाही, शिवण नाही, कडी नाही. दोरवाल्याच्या हातची मोहरकी पागेत पूर्वी बरीच वर्षं वापरायचे; मग तिथे चामडं आलं. त्याच्या बायकोला मात्र ती बांधता येत नव्हती. ती चाकावर दोर वळायची, टोकांना दोरा गुंडाळायची, गिऱ्हाईक बघायची. गाठी नवऱ्याच्या.

हे सगळं मुकादमाला सांगायला हवं होतं. पण "हो" म्हणायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि "नाही" म्हणायला त्याहून जास्त लागलं असतं.

"बघते," ती म्हणाली.

मुकादम चपला वाजवत निघून गेला. आतल्या दाराच्या चौकटीत वन्सं उभ्या होत्या. वन्सं म्हणजे दोरवाल्याची थोरली बहीण. तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात लोकांना एकमेकांशी जोडून द्यायचं काम केलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आल्या. कान अजूनही ऑफिसात होते तसेच तिखट.

"काय म्हणाला?"

"अडतीस मोहरक्या. सोमवारपर्यंत."

"आणि तू काय म्हणालीस?"

"बघते म्हणाले."

"म्हणजे हो म्हणालीस," वन्सं म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

दुकानामागे दोर वळायची खोली होती. रुंदीला दोन माणसं जेमतेम एकमेकांना चुकवतील एवढी, आणि लांबीला पस्तीस पावलं. एका टोकाला दोर वळायचं चाक. एकीने चाक फिरवायचं, दुसरीने सुताचे पदर ताणून धरत उलट्या पावलांनी मागे जायचं. एका मोहरकीला सात मीटर दोर लागतो. घरात होता तो निम्म्या मोहरक्यांना पुरला असता. उरलेला वळायचा होता. तो सगळा दिवस दोरवाली मागे मागे चालली. वन्सं चाक फिरवत होत्या आणि मध्येच थांबून मनगट दाबत होत्या.

"टेलिफोन ऑफिसात बरं होतं," त्या म्हणाल्या. "माणसं नुसती ओरडायची."

"थांबायचं का?"

"थांबून काय करू? थांबले की दुखतं जास्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधायला बसल्या. नाकावरच्या वेढ्याच्या लहान गाठी सोप्या होत्या. त्या दोरवालीला दोन-चार प्रयत्नांत जमल्या. गाडं अडलं ते हनुवटीखालच्या मोठ्या गाठीपाशी. चार पदर खालून येतात, एकमेकांत शिरतात आणि वर पुन्हा चार पदर होऊन निघतात. मधली गाठ फुलाच्या कळीसारखी गोल आणि टणक. नवरा ती गाठ गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मारायचा. हात खाली चाललेले आणि तोंड वर चाललेलं. बावीस वर्षं ती समोर बसून बघत होती, आणि आता आठवायला गेली तर तिला फक्त त्याचं बोलणं आठवत होतं.

वन्संनी मोबाईलवर शोधलं. कुठल्याशा देशातला एक दाढीवाला माणूस तशीच गाठ मारत होता. त्याची भाषा कळत नव्हती, त्याचं काही नाही, पण नेमका ज्या क्षणी दोर कुठून कुठे जातो ते बघायचं त्या क्षणी त्याचा अंगठा मध्ये यायचा. त्यांनी तो भाग अकरा वेळा बघितला.

"मेल्याचा अंगठा," वन्सं म्हणाल्या आणि मोबाईल पालथा ठेवला.

दोघींच्याही डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती समोरच्या खुंटीवर टांगलेली होती. दोरवाल्याच्या हातची एकच मोहरकी घरात उरली होती. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्याने ती पुरी केली होती. ज्याची होती तो न्यायला आला नाही, आणि नंतर आला असता तरी दोघींनी दिली असती की नाही कोण जाणे.

"उसवल्याशिवाय कळायचं नाही," दोरवाली म्हणाली.

"ती उसवायची नाही."

"वन्सं, गाठ आत कशी जाते ते बाहेरून दिसत नाही."

"त्याच्या हातची शेवटची आहे ती," वन्सं म्हणाल्या. मग थोडा वेळ त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. शेवटी उठून त्यांनीच ती खुंटीवरून काढली, टेबलावर ठेवली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून पाठकोरी बाजू वर केली. "तू सोड. सावकाश. एकेक पायरी सांग. मी लिहून घेते. मग खालून वर वाचत गेलो की बांधायची रीत मिळेल."

नवऱ्याने गाठ इतकी आवळली होती की नखं लागेनात. दोरवालीने दाभणाची बोथट बाजू घातली, दोर थोडा भिजवला, पुन्हा तेच केलं. पहिला पदर सैल झाला तेव्हा घामाने तिची पाठ ओली झाली होती.

"डावीकडचा बाहेरचा पदर, मधल्या फासाच्या खालून बाहेर आला," ती म्हणाली.

"एक," वन्संनी लिहिलं.

असं करत सतरा पायऱ्या झाल्या. गाठीच्या पोटातला दोर बाहेर आला तो पांढराशुभ्र होता. बाकीच्या दोरावर हातांचा मळ होता, तिथे कुणाचा हात लागला नव्हता. आणि सगळी गाठ सुटल्यावरही दोर सरळ व्हायला तयार नव्हता. जिथे जिथे वळला होता तिथे तिथे त्याने बाक धरला होता. टेबलावर तो वाकडातिकडा पडून राहिला.

त्या बाकांनीच काम केलं. वन्संचं टिपण दोन ठिकाणी चुकलं होतं. नववी पायरी आठवीच्या आधी हवी होती आणि त्यावरून दोघींची बरीच हुज्जत झाली. पण दोर आपल्या जुन्या बाकावर बसला की बरोबर, नाही बसला की चूक, एवढं स्पष्ट होतं. दुपारी तीनच्या सुमाराला ती गाठ पुन्हा उभी राहिली. नवऱ्याच्या गाठीइतकी गोल नव्हती. एका अंगाला जरा कललेली होती. दोरवालीने दोन्ही टोकं धरून अंगचा जोर लावून ओढली. गाठ हलली नाही.

"धरली," वन्सं म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "आता उरल्या सदतीस."

पुढचे चार दिवस एकाच दिवसासारखे गेले. दोर मोजायचा, टोकं गुंडाळायची, नाकाचा वेढा, गालाचे पदर, हनुवटीची गाठ, ओढून बघायची, बाजूला टाकायची. दोरवालीच्या दोन्ही हातांच्या करंगळ्यांना दोराने कापलं. तिने चिंध्या बांधल्या आणि काम चालू ठेवलं. वन्संचा उजवा अंगठा सुजला. मग त्या डाव्या हाताने टोकं गुंडाळायला लागल्या आणि स्वतःलाच शिव्या द्यायला लागल्या. जेवण म्हणजे सकाळचं उरलेलं, उभ्या उभ्या. एकदा दोरवालीला बसल्या जागी डुलकी लागली आणि जागी झाली तेव्हा हातातली गाठ पुरी झालेली होती. ती तिने दोनदा तपासली. बरोबर होती. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की नवरा बोलत बोलत हे कसं करायचा ते आपल्याला कळलं.

नवऱ्याबद्दल दोघी बोलत नसत. तो पाच दिवस दवाखान्यात होता. पाचव्या दिवशी सकाळी दोरवाली अंघोळीला म्हणून घरी आली आणि तेवढ्यात तो गेला. जवळ वन्सं होत्या. "माझ्या हातात हात होता त्याचा," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दोरवालीला ते ऐकून त्या वेळी बरंही वाटलं होतं आणि वाईटही. बावीस वर्षं संसार तिने केला आणि शेवटी हात बहिणीच्या हातात राहिला. हे ती कुणाला बोलली नाही. बोलण्यासारखं नव्हतंच ते.

सोमवारी सकाळी दोन पोत्यांत मोहरक्या भरून ती पागेवर गेली. फाटकाशी औषधाच्या पाण्याचं घमेलं होतं. त्यात पाय बुडवून आत जायचं. डॉक्टरीणबाई ठेंगणी, पिकलेल्या केसांची होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिने एक मोहरकी हातात घेऊन उलटसुलट बघितली.

"घालायची कशी ते ह्या लोकांना दाखवा," ती म्हणाली. "चामड्याची कानांवरून ओढून घालायची सवय आहे सगळ्यांना."

मग दोरवालीने दाखवलं. घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहायचं. उजवा हात मानेवरून पलीकडे टाकायचा, नाकाचा वेढा खालून वर आणायचा, शेव कानांमागून ओढून डाव्या गालाशी असलेल्या फासातून काढायची आणि फासाच्या खाली गाठ मारायची, वर नाही. शेवेचं टोक घोड्याच्या डोळ्याकडे नाही, मागे. नाकाचा वेढा हाडावर बसला पाहिजे. खाली मऊ भागावर आला तर श्वास कोंडतो. नवरा हे गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा ती आत चहा करत असायची. एवढं सगळं कानांवर पडून आत कुठेतरी साठलं होतं, हे तिलाच माहीत नव्हतं.

दुपारपर्यंत सदतीस घोडे झाले. अडतिसावी होती एक करडी घोडी, आणि ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती. कोपऱ्यात पाठ लावून उभी, मान वर ताणलेली, कान मागे चिकटलेले. घोडे सांभाळणाऱ्या एका मोतद्दाराच्या दंडावर तिच्या दातांची खूण होती.

"आधीच्या मालकाकडे हिचा कान पिळून धरायचे," मुकादम म्हणाला. "डोक्याकडे हात आला की बिथरते. वहिनी, हिच्या मोहरकीला नाकावर चार गाठी जास्तीच्या मारा. टोचल्या की येईल सरळ."

"हे मारत नसत," दोरवाली म्हणाली.

"ते मारत नसत, पण आता वेळ कुठाय?"

"मला येतही नाहीत," ती म्हणाली. हे खोटं होतं. त्या गाठी सगळ्यांत सोप्या.

तिने मोहरकी आणि कासरा घेतला आणि घोडीच्या खणात गेली. पुढे काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. सहा दिवसांचं काम अंगात भरलं होतं. घोडीपासून पाच-सहा पावलांवर भिंत होती, त्या भिंतीला तिने पाठ टेकली आणि उभी राहिली. घोडीकडे बघावं एवढीही तिची इच्छा नव्हती. मुकादम बाहेरून काहीतरी सांगत होता, मग तोही बाजूला झाला. गवताच्या काड्यांत माश्या भणभणत होत्या.

बराच वेळ गेला. घोडीने एक पाय बदलला. मग मान थोडी खाली आली. मग तिने फुरफुर केलं आणि दोराच्या वासावर एक पाऊल पुढे टाकलं. दोरवालीने हात हलवला नाही. घोडीने मोहरकी हुंगली, ओठांनी चाचपली, दोरवालीच्या बोटांची चिंधी ओढून बघितली. मऊ, गरम नाकपुडी तिच्या मनगटावर आली. दोरवालीने वेढा नुसता उघडा धरला. तीनदा घोडी मागे सरली. चौथ्यांदा तिने नाक आत घातलं.

कानांना हात लावायची गरजच नव्हती; शेव मानेवरून मागून आली. फासाखाली गाठ मारताना घोडीचं सगळं अंग ताठ झालं, आणि गाठ झाल्यावर दोरवालीने दोन्ही हात खाली सोडले तसं ते सैल पडलं. मग तिने कासरा नुसता ताणला, ओढला नाही. घोडीने पाऊल टाकलं त्याच क्षणी सैल सोडला. पुन्हा ताणला, पुन्हा पाऊल, पुन्हा सैल. अशा रीतीने दोघी खणातून बाहेर उजेडात आल्या.

डॉक्टरीणबाईने रक्त काढलं. "दीड तास उभ्या होतात तुम्ही," ती म्हणाली. "काय केलंत?"

"काही नाही. दमले होते."

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिने मान डोलावली, बाटलीवर आकडा घातला आणि पुढच्या कामाला गेली.

नऊ दिवसांनी मुकादम पुन्हा आला आणि पुन्हा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्याने आधी चहा मागितला, बाहेरच उभ्याने प्यायला, कप धुऊन ठेवा म्हणाला, गरम पाण्याने धुवा म्हणाला. मग म्हणाला, "चार आजारी निघाले. सुई देऊन संपवायचेत."

कुठले, ते दोरवालीने विचारलं नाही. तो सांगणारच होता.

"करडी आहे त्यात. बाकीचे तीन आम्ही नेऊ. तिला मागच्या शेडपर्यंत न्यायला... वहिनी, काल आमचे चौघं तिच्याजवळ गेले. तिने एकालाही शिवू दिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात दोर टाकून पाडा. मला ते बघवणार नाही."

"मलाही जमणार नाही," दोरवाली म्हणाली, आणि आत येऊन दोराच्या भेंडोळ्यावर बसली.

वन्सं बाहेर आल्या. त्यांनी मुकादमाकडे बघितलं, भावजयीकडे बघितलं. "मी जाते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही घोड्याला कधी हात लावलाय का?"

"नाही लावला. म्हणून काय झालं? कुणीतरी जायला हवं ना तिच्याबरोबर."

वन्संनी खरोखरच चपला घातल्या. तेव्हा दोरवाली उठली. दोघी गेल्या. वन्सं फाटकाबाहेर एका दगडावर पाण्याची बाटली घेऊन बसल्या.

घोडीने ह्या वेळी फार वेळ घेतला नाही. तिला ताप होता. नाकातून चिकट पाणी येत होतं आणि मान खालीच होती. दोरवालीने तिचीच आधीची मोहरकी चढवली. खणापासून मागच्या शेडपर्यंत दोनशे पावलं असतील. घोडी तिच्या खांद्याशी चालली आणि कासरा सगळा वेळ सैल राहिला. मध्ये एका ठिकाणी घोडी थांबली आणि दूर कुठेतरी बघत राहिली. दोरवालीही थांबली. मुकादम मागे उभा होता. घाई करा, असं तो म्हणाला नाही.

शेडमध्ये डॉक्टरीणबाई तयार होती.

"मोहरकी काढू का?" दोरवालीने विचारलं.

"राहू द्या. डोकं धरायला लागेल. तुम्ही धरता?"

"धरते."

आधी गुंगीचं औषध दिलं. घोडीचा खालचा ओठ लोंबला, डोळे अर्धे मिटले. दुसरं औषध गेलं तेव्हा दोरवालीच्या हातातला दोर हळूहळू जड होत गेला. डॉक्टरीणबाई म्हणाली, "खाली येऊ द्या, अडवू नका," आणि दोरवालीने दोर सोडत सोडत ते मोठं डोकं जमिनीपर्यंत येऊ दिलं. ती स्वतःही गुडघ्यांवर बसली. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईने नळी कानाला लावून ऐकलं आणि मान हलवली. मग फासाखालची गाठ दोरवालीनेच सोडली. ती लगेच सुटली. नवरा म्हणायचा तसं, कितीही ताण आला तरी सुटायला हवी ती गाठ. मोहरकी जाळायच्या पिंपात टाकली. दोरवालीला औषधाच्या पाण्याने हातपाय धुवायला लावले, अंगावरचे कपडेही तिथेच ठेवायला सांगितले आणि पागेतल्या कुणाचा तरी ढगळ सदरा आणि पायजमा दिला.

त्या वेशात ती बाहेर आली. वन्संनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाटली पुढे केली. दोघी चालत निघाल्या. रस्त्याला चढ होता. अर्ध्या चढावर एका बंद दुकानाच्या पायरीवर वन्सं बसल्या.

"गुडघा," त्या म्हणाल्या. पण गुडघ्याला हात लावला नाही. "तू धरलं होतंस तिला?"

"हो. डोकं."

"शेवटपर्यंत?"

"हो."

वन्सं समोर बघत होत्या. एक हातगाडीवाला रिकामी गाडी ढकलत गेला, तो दिसेनासा होईपर्यंत त्यांची नजर त्याच्यावर होती.

"धाकट्याचा हात माझ्या हातात नव्हता," त्या म्हणाल्या. "मी खोटं सांगितलं सगळ्यांना. तू घरी गेलीस आणि माझा डोळा लागला. खुर्चीतच. जागी झाले तेव्हा तो गेलेला होता. किती वेळ झाला होता तेही मला कळलं नाही. नर्स आली तेव्हा मी पटकन हात धरला."

दोरवाली ढगळ सदऱ्याची बाही दुमडत होती. ती पुन्हा पुन्हा खाली येत होती. राग यायला हवा होता, असं तिला कुठेतरी वाटलं. ती थोडी थांबली, पण राग आला नाही.

"तुम्ही किती दिवस झोपला नव्हतात?" तिने विचारलं.

"तो हिशोब नको सांगूस मला."

"सांगत नाही. पण तुमची झोप मला माहीत आहे, वन्सं. खाली भांडं ठेवलं तरी वरून विचारता, काय पडलं म्हणून. ते कण्हले असते, हाक मारली असती, नुसते तळमळले असते तरी तुम्ही जाग्या झाला असता."

वन्संनी पाण्याची बाटली मांडीवर घेतली.

"म्हणजे ते तळमळले नाहीत," दोरवाली म्हणाली. "मला आठ महिने ते माहीत नव्हतं. तुम्ही हात धरला होता एवढंच सांगितलंत."

वन्संनी पदराने नाक पुसलं. "उठव मला," त्या म्हणाल्या. "आता खरंच गुडघा धरलाय."

पुढे आणखी तीन आठवड्यांनी उरलेल्या चौतीस घोड्यांचं पुन्हा रक्त काढायचं होतं. आधीच्या सगळ्या मोहरक्या जाळून झाल्या होत्या, म्हणून चौतीस नव्या लागल्या. ह्या वेळी घाई नव्हती. रोज चार-पाच बांधायच्या, चार वाजता थांबायचं. वन्संचा अंगठा उतरला. त्या हनुवटीची गाठ शिकल्या. त्यांची गाठ भावजयीच्या गाठीपेक्षा गोल यायची आणि हे त्या दिवसातून दोनदा तरी दाखवून द्यायच्या.

दुसऱ्या तपासणीत एकही घोडा आजारी निघाला नाही. फाटक उघडलं. मुकादम आपल्या स्वतःच्या बुटांत आला, सरळ आत शिरला आणि भेंडोळ्यावर बसला. पागेच्या लोकांना मोहरकी घालायला आणि घोडा सैल दोरावर चालवायला तुम्हीच शिकवा, आठवड्यातून दोन सकाळी या, असं तो म्हणाला. दोरवालीने नाही म्हटलं. मुकादम बसून राहिला. मग ती म्हणाली, एक सकाळ येईन, आणि नाकावर जास्तीच्या गाठी कुणी मारलेल्या दिसल्या तर त्या दिवसापासून येणार नाही. मुकादमाने मान्य केलं. त्याला तीन कप चहा लागला.

तो गेल्यावर दोघींनी जेवून घेतलं. भांडी तशीच ठेवली. दोर वळायच्या खोलीत दुपारी गारवा असतो, म्हणून तिथेच दोन सतरंज्या टाकल्या, एक चाकापाशी, एक दाराशी, आणि आडव्या झाल्या. जरा वेळाने दुकानाचं दार कुणीतरी वाजवलं. थांबून पुन्हा वाजवलं.

"गिऱ्हाईक आहे," वन्सं डोळे मिटूनच म्हणाल्या.

"हो," दोरवाली म्हणाली.

दोघींपैकी कुणीही उठलं नाही.